पहिल्या मापाचं पिंप

१

गोकुळदासाचं नाक हा डिचोलीच्या बाजारात थट्टेचा विषय होता आणि थोडा अभिमानाचाही. दिसायला ते काही खास नव्हतं. जरासं बसकं, शेंड्याला कायम लालसर. पण सकाळी ते नाक काय म्हणेल त्यावर भिकाजीशेठांच्या कारखान्याचा अख्खा दिवस ठरायचा.

कारखाना म्हणायचा आपला. बाजारामागच्या गल्लीत, कापडाचं दुकान आणि सायकलवाला यांच्यामध्ये अंग चोरून उभी असलेली एक लांबट शेड. पुढे मासळीबाजाराचा कलकलाट, मागच्या रस्त्याने खनिजाचे ट्रक. ट्रक गेला की कपाटातले काचेचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे आणि दारावर तांबडी धूळ बसायची. अशा त्या गजबजाटात, आत लाकडी पिंपांतून व्हिस्की मुरत पडलेली असायची. कुठल्या पिंपातली किती घ्यायची, कशात काय मिसळायचं, हे गोकुळदास ठरवायचा. तो मूळचा पेडण्यातल्या कोरगावचा. बापाची काजूच्या दारूची भट्टी होती, तिथेच हे नाक तयार झालं.

त्याची पद्धत ठरलेली. सकाळी चहा नाही, पान नाही, अंगाला साबणही नाही. पेल्यात थोडा माल, थोडं पाणी, वर बशी झाकायची. बशी बाजूला करून दोन तुटक श्वास, मग एक लांब. मग मान डावीकडे वळवून स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा, म्हणजे नाक पुन्हा कोरं होतं. माल तयार नसला की तो फक्त एवढंच म्हणायचा, ''ह्येका अजून वेळ आसा.'' मग त्या पिंपाला कोणी हात लावायचा नाही.

घरी मात्र या धंद्यातलं काही न्यायचं नाही, हा त्याचा नेम होता. बायको संजना आणि चार वर्षांची कमल. कमलने शेड कधी पाहिली नव्हती. रोज निघण्याआधी तो तिच्या केसांत नाक खुपसायचा. खोबरेल, उन्हात वाळलेल्या फ्रॉकची ऊब, आणि आणखी एक तिसरा वास. एवढं नाक असूनही त्या तिसऱ्याला नाव द्यायला त्याला कधी जमलं नव्हतं. तोवर कमल ताटलीवर चमचा वाजवत ओरडायची, ''आदी माका! आदी माका!'' पहिला घास तिचाच असायचा.

आणखी एक नेम होता. भट्टीवर बाप पहिलं माप आंब्याच्या मुळाशी राखणदाराला, त्या जागेच्या देवाला, द्यायचा, सोबत एक पेटवलेली विडी. मगच बाकीच्यांनी चाखायचं. गोकुळदासाने तेच इथे चालवलं. अडचण एकच, शेडमध्ये खाली सगळं सिमेंट. ओतलेलं सरळ गटारात जायचं, मासळीच्या पाण्यात. राखणदाराचं माप काय गटारात द्यायचं? मग त्याने कोपऱ्यातलं एक मोडकं पिंप धरलं. फळ्या सुकून आक्रसलेल्या, ठिकठिकाणी फटी. कुठलाही माल मिसळला की पहिलं माप त्यात जायचं. सकाळी ओतलेलं संध्याकाळपर्यंत झिरपून वाळून जायचं आणि खाली एक काळसर डाग उरायचा. म्हणजे कसंही का होईना, जमिनीला पोचलं. हे समाधान त्याला पुरेसं होतं.

२

गोवा राज्य झालं त्याला वर्ष व्हायला आलं होतं. मराठी-कोकणीच्या भांडणात गल्लीतल्या पाट्यांना फासलेलं डांबर अजून पुरतं गेलं नव्हतं. भिकाजीशेठांच्या मनात आलं, राज्याच्या वाढदिवसाला एक खास व्हिस्की काढायची. पणजीहून मोठी मंडळी येणार, त्यांच्या तोंडी डिचोलीचं नाव राहिलं पाहिजे.

''जुनो माल सोद रे गोकुळदासा,'' म्हणत शेठ स्वतः पिंपांवर बोटांनी ठोकत निघाले. ठोकत ठोकत कोपऱ्यातल्या पिंपापाशी आले. तिथेही ठोकलं. आवाज आला भरीव, दबका.

''हें भरलेलें आसा मरे!''

''नाय शेठ. तें मोडकें. गळता,'' गोकुळदास म्हणाला.

शेठांनी पुन्हा ठोकलं. मग काशिनाथने पिंप हलवून पाहिलं. काशिनाथ चंदगडकडचा, पिंपं लोळवून लोळवून त्याचे दंड पिंपासारखेच झाले होते. त्या गड्याकडूनही ते जागचं हललं नाही. ''साहेब, ह्ये भरलंय,'' तो हळूच म्हणाला. ''काठोकाठ.''

बूच काढलं. माल अगदी तोंडाशी होता, मधासारखा गडद. गोकुळदासाने खाली वाकून पाहिलं. फटी होत्या तशाच होत्या, बोटाचं नख जाईल एवढ्या. फरशी कोरडी. तो डागसुद्धा दिसत नव्हता.

त्याला काही उमजेना. एक एक माप घालून एवढं पिंप भरेल कसं? आणि झिरपून गेलेलं परत येईल कसं? बहुतेक फळ्या ओलाव्याने फुगल्या असतील, असं त्याने स्वतःला सांगितलं. तसं होतं कधी कधी. फटी समोर दिसत असताना त्याने स्वतःला हे सांगितलं.

मग त्याने हुंगलं. दोन तुटक, एक लांब. बाहीकडे मान वळवायची तो विसरला. असा माल त्याने आयुष्यात हुंगला नव्हता. ज्यासाठी आपलं नाक घडलं तो हाच, असं त्याला वाटलं, आणि तो मोहात पडला. दुसरा शब्द नाही.

''काय आसा तें?'' शेठांनी विचारलं.

''जुनो माल्ट,'' गोकुळदास म्हणाला. ''मीच जपून ठेवलेलो.''

काशिनाथने त्याच्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. अर्धं पिंप उपसलं, माल मिसळून झाला, तेव्हा काशिनाथ हातात माप घेऊन उभा राहिला. ''साहेब, आज पयलं माप कुठं वतायचं?''

त्या पिंपात त्याचंच काढलेलं परत कसं ओतायचं? आणि शेठ समोर उभे. ''ऱ्हावंदे आज,'' गोकुळदास म्हणाला.

काशिनाथने कानाच्या पाळीला हात लावला आणि रिकामंच माप पालथं घालून ठेवलं.

३

त्या दुपारी तो घरी जेवायला आला. संजना चुलीपाशी बांगडे तळत होती, तिरफळ घातलेले. तेल चरचरत होतं, धूर डोळ्यांना झोंबत होता. वास मात्र येत नव्हता.

सर्दी झाली असेल, म्हणून त्याने नाक शिंकरलं. नाक मोकळं होतं. तो उठून दाराबाहेर पायरीवर गेला. शेजारच्यांची फोडणी, गल्लीतली सुकी मासळी, ट्रकच्या डिझेलचा भपका, सगळं आलं. उंबरा ओलांडून आत आला, तर पुन्हा काही नाही. असं तो चार वेळा आत-बाहेर करताना संजनाने पाहिलं.

''काय हारवलां तुमचें?'' तिने विचारलं.

''कायच नाय.''

शेडवर नाक ठणठणीत होतं. डोळे मिटून तो प्रत्येक पिंप ओळखत होता. मग घरातच काय बिघडलं? पुढच्या दिवसांत उदबत्ती गेली. मग तिच्या पेटीतल्या साड्यांचा डांबरगोळीचा वास गेला. वस्तू जागच्या जागी होत्या, फक्त त्यांच्यातून काहीतरी काढून घेतल्यासारख्या.

एका सकाळी संजनाने केसांत सुरंगीचा वळेसर माळला. कोरगावहून त्याच्या बहिणीने पाठवलेला. सुरंगी म्हणजे घरभर घमघमाट. संजना त्याच्या पुढून दोनदा गेली, मुद्दाम पाठमोरी उभी राहिली. तो आपला दाराकडे बघत बसला.

''लग्न जालां तेन्ना धा घरां पलीकडसून वास येता म्हणत होतात,'' ती म्हणाली. ''आता हांगा फुडें उबी आसां, तरी कळना.''

''येता गे, येता वास,'' तो घाईने म्हणाला.

''तर मगे कसलीं फुलां तीं सांगात बघू. न बघता.''

त्याला सांगता येईना. संजनाने वळेसर काढून खुंटीला अडकवला आणि दिवसभर ती त्याच्याशी धड बोलली नाही. त्याला रडू येण्याइतकं वाईट वाटलं. पण बायकोला सांगणार काय? बाहेर नाक आहे, घरात नाही? तिने त्याला आधी डॉक्टरकडे नेलं असतं आणि मग देवळात.

४

''साहेब, त्ये पिंप पुन्यांदा जड झालंय,'' काशिनाथने एक दिवस सांगितलं.

अर्धं उपसलेलं पिंप. गोकुळदासाने बूच काढलं. माल काठाशी आला होता. त्याने पेल्यात थोडा घेतला, पाणी घातलं, बशी झाकली.  बशी काढली.

तिरफळ.

मागून तळलेलं तेल. मग उदबत्ती. तळाशी डांबरगोळी आणि साड्यांची घडी.

तो खुर्चीत बसला आणि त्याने शांतपणे विचार करायचा प्रयत्न केला. या धंद्यात आपण नावं देतोच की. कुठल्या मालाला ओल्या गोणपाटाचा वास येतो, कुठल्याला मनुकांचा. त्यात गोणपाट नसतं आणि मनुकाही नसतात. तसं हे. माणूस जे मनात घेऊन येतो तेच पेल्यात हुंगतो. पटण्यासारखं होतं. त्याने पुन्हा हुंगलं, आणि पेल्याच्या वरच्या कडेला, कोवळी, ताजी, सुरंगी आली.

''काशिनाथ, हे हुंग रे.''

काशिनाथने पेला नाकाशी धरला, पुन्हा धरला. ''काय बी न्हाई वं. निस्तं लाकूड.''

''नीट घे वास.''

''साहेब,'' काशिनाथने पेला जपून खाली ठेवला, ''मी अडाणी मानूस. पर ज्याचं त्याला दिऊन टाका. मला ह्या कोपऱ्यात यायला आता बरं वाटंना.''

''द्यायचं काय? माल शेठांच्या गोदामात बंद आसा. बाटल्या भरून जाल्यो.''

 मागून ट्रक गेला, पेले किणकिणले, थांबले. ते थांबल्यावरही एक बारीक आवाज राहिला. टण, टण, टण. गोकुळदासाने कपाटाकडे पाहिलं. पेले स्तब्ध होते. आवाज थोडा बुडालेला वाटत होता, विहिरीत कोणी भांडं आपटावं तसा. त्याने पिंपाला कान लावायचं मनात आणलं आणि लावला नाही.

५

सकाळी कमलच्या केसांत नाक घातलं, तर खोबरेल नव्हतं. हाताला तेलकटपणा लागत होता, वास नव्हता. फ्रॉकची ऊब नव्हती. फक्त तो तिसरा, नाव नसलेला, अगदी अंधुक, दूर उभ्या असलेल्या माणसासारखा.

कमलने त्याला ढकललं नाही, की ती खिदळली नाही. ती भिंतीकडे बघत होती.

''कालपासून अशीच करता,'' संजना म्हणाली. सुरंगीचा राग ती विसरली होती. तिचा चेहरा उतरला होता. ''ताप नाय, काय नाय. ताटली फुडें दवरली तर चमचो वाजयना. आदी माका म्हणना. हाक मारली तर ओ दिता, पण ओ खंयसून येता तेंच कळना.''

''कमल,'' गोकुळदासाने हाक मारली.

''ओ,'' कमल म्हणाली. ती त्याच्या पुढ्यात होती, तिचे ओठ हलले होते. आणि तरी त्याला वाटलं, आवाज घराच्या मागून आला.

तो शेडवर गेला तेव्हा दुपारची विश्रांती सुरू झाली होती. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, ट्रक थांबलेले, बाजार उन्हात झोपलेला. काशिनाथ जेवायला गेला होता. शेडमध्ये पत्र्यातून उन्हाच्या कवडशांच्या रेघा पडल्या होत्या आणि त्यातली एक बरोबर त्या कोपऱ्यावर होती.

टण, टण, टण.

आता शंकेला जागा नव्हती. ताटली आणि चमचा. त्याने बूच उपटलं. खोबरेलाचा वास भसकन वर आला, त्यामागून उन्हातला फ्रॉक. चमच्याचा आवाज थांबला. कोणीतरी ऐकत असल्यासारखा थांबला.

त्याने भोकाला डोळा लावला. आधी अंधार, मग मालावर हलणारा उजेड. मग तो उजेड स्थिर झाला आणि त्याखाली, फार खोल, पिंपात मावणार नाही इतकं खोल, त्याला एक भांग दिसला. लहान मुलीचा, तेल लावून मधोमध पाडलेला. रोज सकाळी वाकल्यावर त्याला वरून दिसायचा तसा. भांग थोडा मागे कलला. ती मान वर करू लागली होती.

त्याने डोळा काढून घेतला. तोंड बघण्याची त्याची छाती झाली नाही. पुढे कितीतरी वेळा त्याला वाटलं, तेव्हा बघायला हवं होतं.

कपाटात नमुन्याची बाटली होती, त्या खास मालातली राहिलेली एवढीच. ती त्याने पिंपात रिकामी केली. काही झालं नाही. त्याने विडी पेटवून फळीच्या फटीत खोचली. ती विझली. मग तो गुडघ्यांवर बसला आणि बाप आंब्याखाली बोलायचा तसं बोलू लागला. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने.

''राखणदारा, तुजें तें आमी घेतलें. चूक जाली. माजें सगळें फुडें आसा, हवें तें पयलें घे. ह्या नाकाचेर माजें पोट चलता, हेंच घे. पण माज्या चेडवाक, कमलाक सोड.''

जन्मभर त्याने अशा भोकांवर वाकून श्वास आत घेतला होता. आज त्याने तोंड मिटलं आणि नाकातून श्वास बाहेर सोडला. लांब, छाती रिकामी होईपर्यंत. श्वास संपला तरी काहीतरी जातच राहिलं. खेचल्यासारखं नाही. नीट, सावकाश, पाहुण्याने पानातलं सगळं संपवावं तसं.

मग मागच्या रस्त्याने दुपारचा पहिला ट्रक गेला आणि सगळे पेले एकदम किणकिणले.

६

काशिनाथ परत आला तेव्हा पिंपाच्या फळ्या सुटून कोपऱ्यात पडल्या होत्या. आत थेंब नव्हता. लाकूड उन्हात ठेवलेल्या जळणासारखं कोरडं होतं. ''सुटलो म्हना साहेब,'' तो हसला. त्याने एक फळी नाकाशी धरली आणि ठेवून दिली. गोकुळदासानेही एक फळी उचलून हुंगली. काहीच आलं नाही. लाकूडसुद्धा नाही. शेडमध्ये, गल्लीत, मासळीबाजारातून चालतानाही काही नाही. जग धुऊन ठेवल्यासारखं होतं.

आणि गल्लीच्या तोंडाशीच त्याला आवाज आला. टण, टण, टण! मोकळा, खणखणीत, घरातून येणारा. तो पळतच सुटला.

कमल ताटली बडवत बसली होती. ''आदी माका!'' संजना हसत होती, डोळे पुसत होती. ''दुपारी निजली ती उटली तशी भूक भूक करूक लागली. बघात, आता कशी आसा ती.''

गोकुळदासाने पोरीला उचललं. गाल गरम, वजन तेवढंच, हनुवटीवर भात.  सवयीने त्याने तिच्या केसांत नाक खुपसलं, आणि तेव्हा त्याला कळलं आपण काय देऊन बसलो आहोत.

डोळे तेच होते, आवाज तोच होता. पण अगदी खात्रीने, डोळे मिटून, हजारांत ही माझी म्हणून सांगणारी खूण एकच होती, तो तिसरा वास. ती तपासायचं साधन त्याच्याजवळ उरलं नव्हतं. खोबरेल तर कोणाच्याही केसांना लागतं. त्याने संजनाला विचारलं, ''हिचो वास कसो येता गे?''

''पोरांचो येता तसोच,'' संजना म्हणाली. ''आनीक कसो येतलो?''

शेठांना त्याने सर्दी जुनी झाल्याचं सांगितलं. खास मालाची पणजीत वाहवा झाली म्हणतात. आता तो पिंपापुढे बसतो, जुन्या आठवणीवर माल मिसळतो, आणि अजून कोणी बोट दाखवलेलं नाही. पहिलं माप तो शेडमध्ये देत नाही. बाटलीत घालून गावाबाहेर नेतो आणि मातीत ओततो. कमल हसते, खेळते, पाऊस लागला की तिला शाळेत घालायचं ठरलं आहे. चुकीचं असं काही नाही. त्याने पुष्कळ शोधून पाहिलं.

फक्त एवढंच, की परवा सकाळी तो चप्पल घालायला पायरीवर बसला असताना कमल मागून आली. तिने दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि त्याच्या केसांत नाक घातलं. दोन तुटक श्वास, मग एक लांब. मग तिने मान डावीकडे वळवून स्वतःच्या फ्रॉकची बाही हुंगली.

त्याने श्वास रोखून धरला. आपण घरी कधी असं केलं होतं का? दुधाच्या कपावर, विसरून? मुलं बघतात, नक्कल करतात. केलं असेल. नक्की आठवेना.

''काय गे बाय?'' त्याने विचारलं. आवाज जमेल तेवढा हलका ठेवला होता.

कमलने त्याच्या डोक्यावर प्रेमाने थोपटलं, बोटांनी ठोकून आवाज ऐकावा तसं.

''अजून वेळ आसा,'' ती म्हणाली, आणि ताटलीकडे पळाली.